चौकोनी हळद

मी काय करते हे आमच्या गावात कुणालाच सांगता यायचं नाही, आणि त्यात गावाचा काही दोष नव्हता. मलाही ते नीट सांगता यायचं नाही. शिरड शहापूरहून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथून मी कला महाविद्यालयात गेले तेव्हा घोड्याचं चित्र काढणारी पोरगी म्हणून गेले होते. माझा घोडा पंचक्रोशीत नावाजलेला होता. शाळेच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीवर, एका टेम्पोच्या मागं, सगळीकडं तो धावत होता. शिकून परत आले तेव्हा मी काहीच काढत नव्हते. शहरातल्या मेसचं खाऊन पोरगी घोडा विसरून आली, असं आमच्या शेजारच्या काकूनं जाहीर केलं आणि ते गावाला बराबर पटलं.

खरं तर मी घोडा विसरले नव्हते, मला त्याची लाज वाटायला लागली होती. महाविद्यालयात मला कळलं होतं की हाताची सफाई ही दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट म्हणजे कल्पना. कल्पना पक्की असली की काम कुणाच्याही हातानं करून घेता येतं, आणि वस्तू जितकी कमी तितकी ती चांगली. हे मला इतकं पटलं की मी एकेक गोष्ट कमी करत सुटले. आधी घोडा गेला, मग रंग गेले, मग कागद गेला. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात माझं काम म्हणजे एक पांढरी भिंत आणि तिच्यात ठोकलेला एक खिळा, एवढंच होतं. त्या खिळ्यामागं मी महिनाभर विचार केला होता.

ते प्रदर्शन बघायला बाबा गावाहून आले. त्यांच्या हातात भाकरी-ठेच्याची पिशवी होती. हातात पिशवी आहे आणि समोर रिकामा खिळा आहे, म्हटल्यावर माणूस जे करील तेच त्यांनी केलं. पिशवी खिळ्याला अडकवली, रुमालानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "तुझं चित्र कुठं हाय गं?"

"बाबा, हेच."

"हे म्हंजी?"

"खिळा."

बाबांनी घाईघाईनं पिशवी काढली. पुस्तकाला पाय लागला की आपण जसा हात लावून तो छातीला लावतो, तसा त्यांनी खिळ्याला हात लावला आणि छातीला लावला. मग ते दिवसभर पिशवी हातातच धरून फिरले. मला हसू आलं होतं, पण बाबा हसले नाहीत. पोरीचं काहीतरी आपल्या हातून विटाळलं, असं त्यांना वाटत होतं. परतीच्या एसटीत बसताना त्यांनी पुन्हा विचारलं, "पर त्या खिळ्याला काही अडकवायचंच न्हाई का? कवाच?" मी म्हटलं, कधीच नाही. त्यांनी फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली.

तर असं माझं काम होतं, आणि ते घेऊन मी घरी बसले होते. आईला हे बसणं पाहवेना. हट्ट्याच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा निघाली होती आणि आईनं तिथं परस्पर बोलूनही टाकलं होतं. कामाचं स्वरूप म्हणजे आठवड्याच्या तासिका, गॅदरिंगला थर्माकोलचा किल्ला, आणि पाहुणे येणार असतील तेव्हा फाटकापासून कार्यालयापर्यंत रांगोळी. संस्थेच्या अध्यक्षांना मोर आवडतो, असंही आई सांगून मोकळी झाली. मोर! मी खिळ्यापर्यंत आलेली बाई, आणि मला परत मोराकडं नेणार!

त्याच सुमारास मी एका ठिकाणी अर्ज केला होता. दिल्लीत एक वर्ष राहायचं, स्वतःची खोली, स्वतःचं काम आणि शेवटी मोठं प्रदर्शन. मी पहिल्या चाळणीतून पार पडले आणि निवड समिती प्रत्यक्ष काम बघायला घरी येणार असं कळलं. जिथं राहता तिथलं, तिथंच मांडलेलं काम दाखवायचं, अशी अट होती. मी आईला शब्द दिला. "यांनी घेतलं तर मी दिल्लीला जाणार. न्हाई घेतलं तर जूनपासून हट्ट्याला, मोरासकट." आईनं तो शब्द काकूसमोर दोनदा म्हणवून घेतला, म्हणजे साक्षीदार झाला.

आता मांडायचं काय? आमच्या भागात मार्चमध्ये कुणालाही हा प्रश्न पडायचं कारण नाही, कारण जिकडं बघावं तिकडं हळद मांडलेली असते. वसमतच्या बाजूला हळद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. काढायची, शिजवायची, अंगणात, खळ्यावर, जागा मिळेल तिथं वाळत घालायची. लोकांना वाटतं ती पिवळीधम्मक दिसत असेल. तसं काही नाही. शिजवलेली ओली हळद मातकट, सुरकुतलेली, आजारातून उठल्यासारखी दिसते. तिला पिवळेपण येतं ते वाळवून घासल्यावर. पण आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत बाबांनी पसरलेली हळद मी माळवदावरून बघितली, आणि तिची कड ओबडधोबड, पाण्याचा ओघळ गेल्यासारखी पाहून माझ्या मनात एकदम आलं, ही चौकोनी असती तर?

एवढीच कल्पना. बाकी काही नाही. जे रोज होतं तेच, फक्त चौकोनात. चारी बाजू सारख्या, चारी कोपरे काटकोनात, हळकुंडांचा थर सगळीकडं एका जाडीचा. मला त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. "वाळायचीच हाय. चौकोनात वाळली काय अन् गोल वाळली काय, हळदीला काय तकलीफ?" त्यांनी होकार दिला, पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. "पर त्याचा अर्थ काय?"

"अर्थ नाही, बाबा."

"लोक इचारतील की."

"विचारू द्या. ही हळद आहे आणि ती चौकोनात आहे. जे दिसतं तेवढंच आहे. त्यात अजून काही शोधायचं नाही."

"म्हंजी आपल्या कष्टाचं बिष्ट काही?"

"नाही!"

"मातीचं?"

"बाबा, मातीचं काही बोललात ना, तर मी हळद विस्कटून टाकीन."

मग ते जेवताना, अंघोळीला जाताना, मोटारसायकलला किक मारताना अधूनमधून विचारत राहिले. "देवाधर्माचं बी न्हाई?" मी खेकसायचे. मला खरंच राग यायचा. आमच्याकडं कुठलीही गोष्ट अर्थाशिवाय उभी राहूच देत नाहीत. लिंबू दिसलं की करणी, काळा दोरा दिसला की दृष्ट, पोरगी एकटी दिसली की लग्न.

चौकोन आखायला मात्र बाबाच लागले. मी फूटपट्टी आणि कागदावरचं मोजमाप घेऊन उभी, आणि ते म्हणाले की जमीन कागदासारखी नसते. त्यांनी सुतळी ताणली, खुंट्या ठोकल्या, आणि मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, दुसऱ्यातून त्याच्या समोर, अशी दोन्ही तिरकी मापं घेतली. घर बांधताना गवंड्याच्या हाताखाली ते हेच शिकले होते. दोन्ही मापं जुळेनात, तेव्हा खुंटी उपटून पुन्हा ठोकली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं हातापायाला हळद माखून, लग्नाची हळद लागल्यासारखे दिसत होतो. पण चौकोन झाला. असा झाला की मला त्याच्याकडं बघून हसावंसं आणि रडावंसं एकदमच वाटलं.

रात्री दवाच्या भीतीनं हळद ढिगात गेली. सकाळी पुन्हा मांडलेला चौकोन दहापर्यंत टिकला.

झालं असं, की आमच्याकडं कुणाचंही वाळवण वाटेत दिसलं की माणूस त्याला पाय लावून पुढं जातो. वाईट हेतूनं नाही. धान्य असो, मिरच्या असोत, हळद असो, खालची बाजू वर यावी म्हणून चालता चालता दोन-चार वेळा पाय फिरवायचा, ही शेजारधर्माची गोष्ट आहे. न फिरवता जाणारा माणूस शिष्ट समजला जातो. दूधवाला आला, त्यानं पाय फिरवला. टपालवाला आला, त्यानं फिरवला. काकू तर रोज पाणी भरून येताना उजवा-डावा असा नेमानं फिरवायची. माझ्या चौकोनाला नाक फुटलं, शेपूट फुटली.

मी सुतळीचं कुंपण केलं. लोक सुतळी ओलांडून आत जाऊन पाय फिरवू लागले, उलट त्यांना वाटलं की आज जरा जास्त मेहनत घ्यावी, म्हाताऱ्या माणसांना पाय उचलायला त्रास झाला तेवढा. मग मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं : कलाकृती. हात लावू नये.

"मी कुठं हात लावला?" काकू म्हणाली. "पायानंच हालवली."

शेवटी मी उन्हात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. डोक्यावर छत्री, हातात कोंबड्या हाकायची काठी. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय करून राहिली गं?" मी सांगायचे, चौकोन सांभाळतेय. "मग दिल्लीला बी हेच करायचं का?" हो. "पगारी माणूस ठेवतील की तिथं," असं म्हणून तो सहानुभूतीनं निघून जायचा. रोज संध्याकाळी दवाच्या भीतीनं सगळी हळद गोळा करून ढीग लावायचा आणि झाकायचा, रोज सकाळी पुन्हा चौकोन मांडायचा. रात्रीचं दव बसलं की हळदीचा रंग मरतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळं त्या बाबतीत माझं कुणीच ऐकून घेतलं नाही. मी चौकोन मांडते की चौकोन मोडते, हेच मला कळेनासं झालं होतं. आणि या सगळ्यात मी तो पाहतच नव्हते, फक्त राखत होते.

समिती यायच्या दिवशी बाबा पहाटेच उठले. त्या दिवशीचा चौकोन सगळ्यांत चांगला झाला. बाबांनी कडेचं एकेक हळकुंड बोटानं सरळ केलं, एक वाकडं होतं ते उचलून खिशात टाकलं. गल्लीतल्या सगळ्यांना मी आदल्या दिवशीच हात जोडून सांगितलं होतं की उद्या कुणीही पाय फिरवू नका. सगळ्यांनी शब्द दिला, आणि सगळ्यांनी तो पाळला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं त्यात कुणीही शब्द मोडला नाही.

दुपारी फोन आला. समितीवाले नागपूरच्या बाजूनं येत होते, वारंगा फाट्यावर चहाला थांबले होते. परभणीहून त्यांची संध्याकाळची रेल्वे होती, म्हणून जास्त वेळ नव्हता. बाबा पाहुण्यांसाठी दूध आणायला मोटारसायकल घेऊन गेले. आई पोह्यांच्या नादात आत. मी स्कूटी घेऊन आमच्या गावच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले, कारण आमच्या गावाचा रस्ता मोबाइलच्या नकाशात एका विहिरीत जाऊन संपतो.

फाट्यावर उभी असताना पश्चिमेकडून ढग चढले. अवकाळीचे असतात तसे, काळे, घाईतले. वारा सुटला. मी वर बघितलं आणि मला पाऊस येईल की काय एवढीच भीती वाटली. पावसापेक्षा जोरात येणारी गोष्ट आमच्या गल्लीत राहते, हे त्या क्षणी माझ्या लक्षातच आलं नाही.

कारण पाय फिरवणं हा झाला रोजचा शेजारधर्म. पण आभाळ आलं की वाळवण कुणाचं, घरात कोण आहे, भांडण आहे का बोलणं आहे, काहीही बघायचं नसतं. जो जवळ असेल त्यानं धावायचं आणि झाकायचं. काकूचं आणि आईचं एकदा पावणेदोन वर्षं बोलणं बंद होतं, तेव्हाही काकूनं आमची मिरची झाकली होती, आणि झाकून झाल्यावर तोंड फिरवून निघून गेली होती.

समितीची गाडी माझ्या स्कूटीमागून गल्लीत शिरली आणि मी ब्रेक दाबला. चौकोन नव्हता. चौकोनाच्या जागी एक ढीग होता, म्हशीएवढा. त्याच्यावर अर्ध्या बाजूला आमची निळी ताडपत्री, अर्ध्या बाजूला काकूची फाटकी पिवळी. मधे उरलेल्या फटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स टाकला होता. त्यावरचा मिशीवाला माणूस काळा चष्मा लावून, हात जोडून आभाळाकडं बघत होता. ताडपत्री उडू नये म्हणून वर दगड, सायकलचा टायर, फुटका पाटा आणि एक पायताण. आणि हे सगळं पुरं पडेना म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यावर काकू स्वतः बसली होती, पदर खोचून, पाय लांब करून.

"आली का गं?" ती ओरडली. "वाचली बघ तुझी हळद! एक हळकुंड भिजू दिलं न्हाई!"

भिजू दिलं नाही, कारण पाऊसच आला नव्हता. आणि ढग आता हिंगोलीच्या दिशेनं निवांत निघून चालले होते.

गाडीतून दोघं उतरले. एक मॅडम, बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात चांदीचं जडजूड काहीतरी. दुसरे सर, आपादमस्तक काळ्या कपड्यांत, आमच्या मार्चच्या उन्हात. फाट्यावर मी खिडकीशी जाऊन त्यांच्याशी बोलले तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले होते. दोघं ढिगासमोर जाऊन उभे राहिले. मी तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. ते बराच वेळ बघत राहिले. सरांनी एक चक्कर मारली. फ्लेक्सवरच्या मिशीवाल्यापाशी थांबले, वाकले, पायताणाकडं बघितलं आणि मग पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

"हे फार धाडसी आहे."

"दडवणं," मॅडम हळूच म्हणाल्या. "दाखवायला बोलावून दडवणं."

काकूला वाटलं आपल्याला काही म्हणतायत. "च्या टाकू का जी? पर मला उठता येत न्हाई, वारं हाय."

सर माझ्याकडं वळले, आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "त्या उठणार नाहीत?"

"किती वेळ बसता तुम्ही?" मॅडमनी काकूला विचारलं.

"वारं थांबस्तोवर."

सरांनी डोळे मिटले. "वारं थांबस्तोवर," ते म्हणाले, आणि त्यांनी ते वहीत लिहिलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, सर, खाली चौकोन आहे, म्हणजे होता. ते म्हणाले, "अर्थातच. आणि तो आम्हाला कधीच दिसणार नाही." म्हटलं, हे शेजाऱ्यांनी केलंय. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तू स्वतःला कामातून काढून घेतलंस." मी जे बोलेन ते त्या ढिगावर आणखी एका ताडपत्रीसारखं जाऊन पडत होतं. काहीही केलं तरी काम चांगलंच होत होतं. मग मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दिल्लीत हे करता येईल? या बाईंसकट?"

दिल्ली एवढी जवळ आली होती की मला तिचा वास यायला लागला.

काकूनंच विचारलं, "दिल्लीत काय?"

"तिथं येऊन असंच बसाल का?"

"तिथं ढग येतात का?"

"हॉलमध्ये असेल. आत."

"आत?" काकूनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू विचारतेय, या लोकांना कुठून धरून आणलंस. "छपराखाली काहून झाकायची?"

सर पुन्हा लिहू लागले. मॅडम हसल्या आणि मला म्हणाल्या, "एकच सांग. ही कल्पना तुझीच ना?"

तेवढ्यात बाबांची मोटारसायकल आली.

हँडलला दुधाची किटली, आणि ती खाली ठेवायच्या आधीच त्यांना ढीग दिसला. पाहुणे त्यांना दिसलेच नाहीत. "वहिनी! हे काहून झाकलं?"

"आभाळ आलं न्हवं का भाऊजी!"

"येऊ द्या की आभाळ! पोरीचं काम हाय ते!"

"अन् भिजली असती मंजी?"

"भिजली असती तर भिजली असती!"

हळद भिजली तर भिजू द्या, असं आमच्या गावात कुणी कधी बोललं नव्हतं. काकू चकित होऊन उठून उभी राहिली, आणि ती उठल्याबरोबर वाऱ्यानं ताडपत्रीचा कोपरा फडफडला. सरांनी निःश्वास टाकला.

मग बाबांना समिती दिसली. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले. "साहेब, मॅडम, माफी करा. हे न्हाई. हे गडबडीत झालं. पोरीचं काम चौकोनी हाय. तुमी ह्या लिंबाखाली बसा, आमी दाखवतो."

"नको, नको," मॅडम घाईनं म्हणाल्या. "आम्हाला हेच..."

पण बाबांनी पायताण काढलं होतं, टायर काढला होता, मिशीवाल्याची गुंडाळी करून काखेत मारली होती. मी त्यांना थांबवू शकले असते. "बाबा, राहू द्या" एवढंच म्हणायचं होतं. मला माहीत होतं की ते ज्या वेगानं ताडपत्री ओढतायत त्याच वेगानं माझी दिल्ली चाललीय. आणि त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं की पोरीचं चांगलं काम झाकलं गेलंय आणि ते उघडून दाखवलं की झालं. असा राग आला मला त्यांचा, आणि असं भरून आलं, की मी काहीच न बोलता पाटी घेतली आणि हळद उपसायला लागले.

मग सगळी गल्लीच लागली. ज्यांनी ढीग केला होता तेच आता तो पसरत होते, तेवढ्याच धावपळीत. काकू रुसली होती तरी रुसून पसरत होती. बाबांनी सुतळी ताणली. घाम पुसत दोन्ही तिरकी मापं घेतली, एक कोपरा बोटभर सरकवला, पुन्हा मापं घेतली. समिती लिंबाखाली पोहे खात घड्याळाकडं बघत होती. शेवटचा कोपरा भरला तेव्हा बाबा गुडघ्यावरून उठले आणि म्हणाले, "आता पाहा."

दोघं येऊन उभे राहिले. या वेळी फार वेळ उभे राहिले नाहीत.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला यात काय दिसतं?"

आता कष्ट येणार, माती येणार, काळी आई येणार. बाबांनी चौकोनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हळद हाय," ते म्हणाले. "चौकोनात हाय. तेवढंच हाय ते, मॅडम. लई आत पाहू नका. आत काही न्हाई."

सर बाबांकडं बघतच राहिले, पण लिहिलं काही नाही. गाडीत बसताना मॅडमनी माझा हात हातात घेतला. "ढीग आम्हाला फार आवडला होता," त्या म्हणाल्या. "चौकोन... चौकोन चांगला आहे. पण चौकोन खूप जणांनी करून झालेत." गाडी वळली, धूळ उडाली, आणि निरोप मला तिथंच मिळाला. रीतसर ईमेल नंतर आला, त्यात नवीन काही नव्हतं. जूनपासून मी हट्ट्याला आहे. मोर मला आता डोळे मिटून काढता येतो आणि अध्यक्ष खूश आहेत.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय. ऊन उतरलं तसं काकू टोपलं घेऊन आली, कारण रुसवा असला तरी हळद ढिगात जायची वेळ झाली होती. आईही आली, ताडपत्रीची घडी मोडत. बाबा चौकोनाच्या कडेला बाज टाकून बसले होते.

"राहू द्या," ते म्हणाले.

"काय राहू द्या?" आई म्हणाली.

"हळद. आज असंच राहू द्या."

"दव पडल की! रंग जाईल सगळा!"

"जाऊ दे."

"अन् आभाळ बी पुरतं उतरलं न्हाई अजून," काकू म्हणाली. "रातच्याला आलं मंजी?"

"येऊ दे, वहिनी." बाबांनी बाजेवर सरकून माझ्यासाठी जागा केली. "आठ दिवस झालं, पोरगी नुसती राखून राहिली. तिनं अजून पाह्यलंच न्हाई नीट."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला जागाही नव्हती. आई थोडा वेळ ताडपत्री धरून उभी राहिली, मग तीच अंथरून खाली बसली. काकू टोपलं उपडं घालून त्यावर बसली. कुणी काही विचारलं नाही. अंधार होऊन कडा दिसेनाशा होईपर्यंत आम्ही चौघं हळदीकडं पाहत बसलो.